पाणी पाजलेलं पोलाद आणि चुकलेलं गणित

(स्मृती व्याख्यानमालेत अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडं शिकलेल्या प्रत्येकाजवळ एक वही असायची. तिला आम्ही ‘चुकांची वही’ म्हणायचो. प्रयोगाचं जर्नल वेगळं. त्यात शेवटी बरोबर आलेलं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे. चुकांच्या वहीत डाव्या पानावर काय चुकलं ते लिहायचं आणि उजव्या पानावर ती चूक कशी सापडली ते. सर जर्नलवर सही करायचे. वही मात्र घरी नेऊन वाचायचे. डावं पान भरलेलं आणि उजवं कोरं असेल तर ती वही परत यायची, तारीख घालून. ‘अजून सापडली नाही’ एवढंच त्यावर लिहिलेलं असे.

आजचा माझा विषय त्या वहीचाच आहे. पोलाद तापवून थंड करताना त्याच्या पोटात जे रूपांतर होतं, ते आज आपण संगणकावर घडवून पाहतो. त्याला आपण सिम्युलेशन म्हणतो. ते वारंवार चुकतं. चुकलं की काय करायचं, कुठून शोधायला लागायचं आणि शोधून काय हाती येतं, हे मला सांगायचं आहे. विषय तांत्रिक आहे, पण तो लोहाराच्या भात्यापासून सुरू होतो. त्यामुळं या सभागृहात तो कुणालाच परका वाटू नये.

माझ्या लहानपणी मृगाच्या आधी वखराच्या पासा, कुऱ्हाडी, विळे घेऊन आम्ही वडिलांबरोबर लोहाराकडं जायचो. एकदा त्यांनी छिन्नी केली ती मी अगदी जवळ बसून पाहिली. छिन्नी भट्टीत लाल झाली. त्यांनी फक्त टोक, दोन बोटं इतकं, पाण्यात बुडवलं. मनात काही मोजलं आणि बाहेर काढलं. टोक विटेवर घासून चकचकीत केलं. मग ते काहीच न करता टोकाकडं बघत बसले. मागचं अंग अजून तापलेलं होतं. त्याची ऊब हळूहळू टोकाकडं चालत आली. चकचकीत टोकावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला, मग तांबूस, मग जांभळ्याची छटा दिसू लागली. त्याच क्षणी त्यांनी अख्खी छिन्नी पाण्यात टाकली. मी विचारलं, एकदमच का नाही बुडवली? ते म्हणाले, ‘पोरा, लोखंडाले तहान लागते. पन त्याले ढसाढसा नाही पाजा लागत, घोट घोट पाजा लागते.’

हत्याराला पाणी पाजणं हा आपल्या भाषेतला शब्द आहे आणि तो या विद्येचं सार सांगतो. विदर्भात ही विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंड इथं शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी. तेव्हापासून आजपर्यंत प्रश्न एकच आहे: लालभडक लोखंड पाण्यात गेल्यावर आत नेमकं काय होतं?

तापून लाल झालेल्या पोलादात लोखंडाच्या अणूंची मांडणी अशी असते की कार्बनला तिच्यात ऐसपैस जागा मिळते. या रूपाला ऑस्टेनाइट म्हणतात. हे पोलाद सावकाश निवू दिलं, तर ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली मांडणी बदलते. नव्या मांडणीत, म्हणजे फेराइटमध्ये, कार्बनला जेमतेम ०.०२ टक्के जागा उरते. मग कार्बन बाजूला सरकतो, लोखंडाशी जोडला जातो आणि सिमेंटाइट नावाचा कठीण पदार्थ तयार होतो. फेराइट आणि सिमेंटाइट यांचे पातळ थर एकाआड एक बसतात. हे पर्लाइट. बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना आपली गाडी ज्या रुळांवरून धावते ते रूळ मुख्यतः या पर्लाइटचेच असतात.

पण पोलाद झटक्यात थंड केलं, तर कार्बनला सरकायला वेळच मिळत नाही. तो जिथल्या तिथं अडकतो आणि अणूंची जाळी ताणलेली राहते. हे मार्टेन्साइट: अतिशय कठीण आणि तितकंच ठिसूळ. ते तयार होताना पोलादाचं आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढतं. ही वाढ कृपया लक्षात ठेवा. पुढं सांगणार आहे त्या गोष्टीत पातं फुटतं ते तिच्यामुळंच. लोहार टोकावर आधी मार्टेन्साइट घडवत होता आणि मग मागच्या उबेवर त्याचा ठिसूळपणा उतरवत होता. त्या दुसऱ्या कामाला आपण टेम्परिंग म्हणतो. त्याचा थर्मामीटर म्हणजे तो रंग.

हे सगळं आकड्यांत बसवायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९३० साली अमेरिकेत डॅव्हनपोर्ट आणि बेन यांनी पोलादाचे छोटे तुकडे वेगवेगळ्या तापमानांना ठरावीक वेळ धरून ठेवले आणि किती वेळात किती रूपांतर होतं याचे आलेख काढले. त्यानंतर १९३७ ते १९४१ या काळात रशियात कोल्मोगोरोव्ह, आणि अमेरिकेत जॉन्सन आणि मेल व अव्रामी, हे स्वतंत्रपणे एकाच सूत्रापाशी पोचले. ते समजायला आपलं वावर पुरे. पावसानंतर वावरात हरळीचे कोंब ठिकठिकाणी निघतात. प्रत्येक कोंब पसरतो. सुरुवातीला पसरणं मंद दिसतं, मग झपाट्यानं वाढतं, आणि शेवटी चकत्या एकमेकींना भिडल्या की मोकळी जागाच उरत नाही म्हणून परत मंदावतं. ऑस्टेनाइटच्या वावरात पर्लाइट असंच पसरतं. मार्टेन्साइटची तऱ्हा वेगळी. ते वेळ बघत नाही, फक्त तापमान बघतं. १९५९ साली कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांनी त्याचं साधं सूत्र दिलं: ते ज्या तापमानाला सुरू होतं त्याच्याखाली १०० अंश गेलं की सुमारे ६७ टक्के मार्टेन्साइट, २०० अंश गेलं की सुमारे ८९ टक्के.

संगणक करतो ते एवढंच. वस्तूचे हजारो बारीक तुकडे पाडतो, वेळेचेही बारीक तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्यासाठी प्रत्येक क्षणी विचारतो: तापमान किती, कोणतं रूप किती टक्के, रूपांतरातून उष्णता किती सुटली, तुकडा किती फुगला, शेजाऱ्यावर किती ताण आला. कोटी-कोटी वेळा हीच बेरीज-वजाबाकी.

या आकडेमोडीच्या इतिहासात वऱ्हाडचं एक मानाचं पान आहे. डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. शिक्षण नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात, पुढं बडोदा आणि दिल्ली. भारताला हवा असलेला महासंगणक द्यायला अमेरिकेनं नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एका महागड्या यंत्राऐवजी बरेच छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून काम वाटून द्यायचं, ही त्यातली कल्पना. आज इथं बसलेल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपची ताकद त्या यंत्रापेक्षा जास्त आहे. त्यामुळं यंत्र नाही म्हणून अडलं, असं आता वऱ्हाडातल्या कुणाला म्हणता येणार नाही. अडतं ते पुढं, यंत्रानं दिलेलं उत्तर खरं की खोटं हे ठरवताना. वेगवान यंत्र चूकही तितक्याच वेगानं करतं.

आता वहीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी अकोल्याजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमधून एक मालक माझ्याकडं आले. ते रोटाव्हेटरची पाती करत. आपल्या काळ्या जमिनीत, दगड-धसकटांत ही पाती फिरतात. धार कठीण हवी आणि बोल्टाकडचा भाग चिवट हवा. त्यांनी टेबलावर चार पाती ठेवली. चारही पात्यांना वाकाच्या आतल्या बाजूनं केसासारखा तडा होता. पाणी पाजल्यावर काही तासांत तो दिसायचा. पोलाद बदललं नव्हतं, भट्टी बदलली नव्हती, माणसंही तीच होती. माझ्याकडं तेव्हा एक विद्यार्थिनी पोलादाच्या रूपांतराचं सिम्युलेशन शिकत होती. मी म्हटलं, हे पातं तुझा प्रकल्प.

पहिलं गणित तिनं रात्री लावलं आणि सकाळी ते बंद पडलेलं होतं. पात्याच्या पृष्ठभागाजवळच्या एका तुकड्याचं तापमान उणे ३,००० अंश आलं होतं. निरपेक्ष शून्य उणे २७३ वर आहे. त्याखाली विश्वात काहीच जात नाही. ती घाबरली. मी तिला सांगितलं की ही सगळ्यात चांगली चूक आहे, कारण ती स्वतःच ओरडून सांगते. कारण साधं होतं. पृष्ठभाग नीट दिसावा म्हणून तिनं तुकड्यांची जाळी बारीक केली होती, तुकडे ०.१ मिलिमीटरचे केले होते, पण वेळेची पावलं आधीचीच ठेवली होती. सरळ पुढं मोजत जाणाऱ्या पद्धतीत तुकडा अर्धा केला की वेळेचं पाऊल चौथाई करावं लागतं. तापलेल्या पोलादात उष्णता ज्या वेगानं पसरते, त्या हिशेबानं ०.१ मिलिमीटरच्या तुकड्याला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटं पाऊल लागतं. पाऊल त्याहून मोठं पडलं की उष्णता शेजारच्या तुकड्यात जाऊन थांबण्याऐवजी त्याला ओलांडून जाते. मग एक तुकडा खोटा तापतो, शेजारचा खोटा गारठतो, आणि हे हेलकावे वाढत जातात.

पाऊल छोटं केलं, गणित पूर्ण झालं, चित्रंही सुंदर आली. तिनं आनंदानं दाखवली. मी म्हटलं, आता हेच पातं पाण्याऐवजी हवेत ठेव, अगदी सावकाश निवू दे. अशा वेळी फेराइट आणि पर्लाइट दिसायलाच हवं. तिनं लावलं. पर्लाइट शून्य. संपूर्ण पातं २०० अंशांवर आलं तरी शून्य. हे गणित ओरडलं नव्हतं, कुठलीच एरर नव्हती. ते शांतपणे खोटं बोलत होतं.

दोन दिवस आम्ही कोड ओळ न् ओळ वाचला. सूत्र बरोबर उतरवलं होतं. मग मी तिला एकच तुकडा घ्यायला सांगितला, तापमान स्थिर ठेवायला सांगितलं, आणि पहिली पाच पावलं हातानं कागदावर करायला लावली. पहिल्याच ओळीत पेन थांबलं. अव्रामीचं सूत्र वाढीचा वेग म्हणून लिहिलं, तर त्या वेगात आतापर्यंत झालेलं रूपांतर गुणकासारखं येतं. आतापर्यंत शून्य, म्हणून वेग शून्य, म्हणून पुढच्या क्षणीही शून्य. असं कायमच. बीच पेरलेलं नव्हतं, तर उगवणार काय? सुरुवातीला दशलक्षांश इतकं नाममात्र बी टाकलं आणि पर्लाइट हरळीसारखं पसरलं. वहीच्या उजव्या पानावर तिनं लिहिलं: ‘शून्यातून काही उगवत नाही. हातानं केल्यावर दिसलं.’

तिसरी चूक मला आजही सगळ्यात जवळची वाटते. पाणी पाजण्याचं गणित आता ठीक दिसत होतं. पण वर्कशॉपमधला कारागीर पातं पाण्यातून थोडं लवकर काढायचा, आपल्या लोहारासारखंच, आणि आतल्या उबेवर ते थोडं उतरू द्यायचा. म्हणून आम्ही गणितातही पातं मध्येच बाहेर काढलं. शेवटचं उत्तर बघितलं तर ठीक. पण सरांनी एक सवय लावली होती: उत्तर बघू नका, वाट बघा. आम्ही एका तुकड्याचा पूर्ण आलेख काढला. पृष्ठभाग १८० अंशांपर्यंत उतरला तेव्हा मार्टेन्साइट ८९ टक्के झालं होतं. मग पात्याच्या पोटातली उष्णता बाहेर आली, पृष्ठभाग २३० वर चढला आणि मार्टेन्साइट ८१ टक्क्यांवर घसरलं. परत निवताना पुन्हा ८९.

म्हणजे संगणकाच्या मते ५० अंशांची ऊब मिळताच मार्टेन्साइट उलट फिरून ऑस्टेनाइट झालं. खऱ्या पोलादात असं होत नाही. एकदा झालेलं मार्टेन्साइट ७०० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ऑस्टेनाइटमध्ये परत जात नाही. उबेनं त्याचा ठिसूळपणा कमी होतो, एवढंच. सूत्र फक्त ‘आत्ताचं तापमान’ विचारत होतं. ‘आतापर्यंतचं सर्वांत कमी तापमान’ त्यानं विचारायला हवं होतं. नुसत्या टक्क्यांत ही चूक शेवटी पुसली गेली होती, कारण आकडा पुन्हा ८९ वरच आला. पण मधल्या काळात गणितानं तीच उष्णता दोनदा सोडली आणि तोच तुकडा दोनदा फुगवला. ताणाचा सगळा हिशेब त्यामुळं बिघडला होता. आणि आम्हाला हवा होता तो ताणच.

छिन्नीच्या टोकाकडं बघत बसलेले लोहारकाका मला त्या दिवशी फार आठवले. त्यांच्या हातातलं टोक परत तापत होतं, रंग बदलत होता, पण ते मऊ लालसर पोलाद होणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या ज्ञानावरच त्यांची छिन्नी चालायची. तेच ज्ञान आमच्या कोडमध्ये एका शब्दानं कमी होतं.

तिन्ही चुका निघाल्यावर आम्ही गणित पुन्हा लावलं. उत्तर आलं: ताण आहे, पण तडा जाण्याइतका नाही. आणि वर्कशॉपमध्ये पाती फुटतच होती.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, कोडमधला एखादा आकडा थोडा फिरवायचा, म्हणजे उत्तर जुळतं. ही वाट फार जणांनी धरलेली मी पाहिली आहे, आणि विद्यार्थ्यांना मी हात जोडून सांगतो की ती धरू नका. जुळवलेलं उत्तर पुढच्या पात्याला उपयोगी पडत नाही. दुसरी वाट म्हणजे उठून भट्टीपाशी जायचं. आम्ही गेलो.

पात्याला बारीक भोक पाडून त्यात थर्मोकपल बसवला आणि पाण्यात टाकल्यावर दर क्षणी तापमान नोंदवलं. तापलेलं पोलाद पाण्यात जातं तेव्हा आधी त्याच्याभोवती वाफेचं पांघरूण तयार होतं आणि निवणं मंद असतं. मग ते पांघरूण फाटतं, पाणी थेट पोलादाला भिडून खदखदतं आणि निवण्याचा वेग एकदम वाढतो. शेवटी नुसतं गरम पाणी उरतं आणि वेग पुन्हा उतरतो. आमच्या इनपुट फाइलमध्ये या तीन टप्प्यांचे आकडे पुस्तकातून, साध्या पाण्यासाठी घेतलेले होते. प्रत्यक्षातल्या आलेखात वाफेच्या पांघरुणाचा टप्पा त्याहून बराच आखूड निघाला. पातं अपेक्षेपेक्षा लवकर आणि सगळीकडं एकसारखं नाही, असं थंड होत होतं.

मालकांना विचारलं, पाणी कुठलं? म्हणाले, दोन वर्षांपूर्वी नळाचं पाणी पुरेना म्हणून बोअर घेतली. वर्कशॉप पूर्णेच्या खोऱ्यात होतं, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यातलं भूजल क्षारयुक्त आहे. तिथले शेतकरी ते पिकाला द्यायला कचरतात, माणसं प्यायला कचरतात. पण हौदात भरताना कुणाला वाटलं नाही की पोलादालाही पाण्याची चव कळते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वाफेचं पांघरूण टिकत नाही, लवकर फाटतं. म्हणून तर काही कारखाने मुद्दाम मिठाचं पाणी वापरतात, पण समजून. इथं ते न समजता वापरलं जात होतं.

मोजलेला आलेख गणितात घातला आणि चित्र उलगडलं. वाकाच्या आतल्या बाजूचा पृष्ठभाग आधी मार्टेन्साइट होऊन कडक झाला. नंतर पोटातलं पोलाद मार्टेन्साइट होताना ४ टक्के फुगू लागलं. बाहेरचं कडक कवच फुगू शकत नव्हतं. ते ओढलं गेलं आणि तडकलं. ताण सर्वांत जास्त नेमका तिथं होता जिथं आणलेल्या चारही पात्यांना तडा होता. मालकांनी हौदातलं पाणी बदललं आणि पाण्यातून काढल्यावर पाती तशीच रात्रभर न ठेवता लगेच टेम्परिंगला द्यायला सुरुवात केली. तडे बंद झाले.

मित्रहो, या एका पात्यानं मला जे शिकवलं ते थोडक्यात मांडतो.

गणित बिघडलं की आधी ते लहान करा. एक तुकडा, एक तापमान, पाच पावलं, आणि ती कागदावर. शून्याची चूक मोठ्या चित्रात कधीच दिसली नसती. मग ज्या गोष्टी बदलूच शकत नाहीत त्यांची बेरीज करा: सगळ्या रूपांचे टक्के मिळून १०० झाले पाहिजेत, एकूण कार्बन सुरुवातीला होता तेवढाच शेवटी राहिला पाहिजे, आत आलेली उष्णता आणि बाहेर गेलेली उष्णता यांचा ताळा बसला पाहिजे. कोडमधल्या पात्याचं वजनही करून बघा. मिलिमीटरमध्ये आखलेल्या पात्याला घनता मीटरच्या हिशेबातली, ७८५० अशी दिली, तर एक किलोचं पातं एक अब्ज किलोचं होतं. हे मी प्रत्यक्षात पाहिलं आहे, आणि रंगीत चित्रात ते कुणाला कळलं नव्हतं.

त्यानंतर जाळी अर्धी करा, पाऊल त्या हिशेबानं छोटं करा. उत्तर जागेवर राहिलं तर ते पोलादाचं उत्तर. हललं तर ते जाळीचं. पोलादाच्या सूक्ष्म रचनेचं सिम्युलेशन करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. फेज-फील्ड पद्धतीत दोन रूपांमधली सीमा धुरकट पट्ट्यासारखी धरतात. त्या पट्ट्यात जाळीचे पुरेसे तुकडे बसले नाहीत तर सीमा अडकून पडते, किंवा चौकोनी जाळीच्या रेषांनुसार कण चौकोनी वाढतात. अशा वेळी जाळी ४५ अंशांत फिरवून पाहा. कणाचा आकारही जाळीबरोबर फिरला, तर तो निसर्गाचा नाही.

वेळेच्या पावलाबाबत आणखी एक. ऑस्टेनाइट पर्लाइट होताना उष्णता सोडतं. अंधाऱ्या खोलीत तापलेली पोलादी तार निवताना मध्येच पुन्हा उजळते, हे १८७३ साली बॅरेट यांनी नोंदवलं. तुमच्या गणिताचं पाऊल फार मोठं असेल तर ते हा उजेड ओलांडून जाईल. आलेखात तो उंचवटा दिसत नसेल तर खाली खूण करून ठेवा. उष्णता कुठंतरी हरवली आहे.

मग माहीत असलेल्या प्रयोगावर गणित तपासा. १९३८ पासून जोमिनीची चाचणी आहे. सुमारे २५ मिलिमीटर जाडीची आणि १०० मिलिमीटर लांबीची कांडी तापवायची, उभी धरायची, खालच्या टोकावर पाण्याची धार सोडायची आणि नंतर टोकापासून वर कठीणपणा मोजत जायचं. ही चाचणी महाविद्यालयाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होऊ शकते. ज्या कोडला जोमिनीची कांडी जमत नाही, त्यानं पात्याबद्दल बोलू नये.

आणि सर्वांत शेवटी, हे सगळं बरोबर आल्यावर, लोखंडाला विचारा. आमच्या पहिल्या तीन चुका कोडमध्ये होत्या. चौथी चूक कोडमध्ये नव्हतीच; ती हौदात होती. संगणकासमोर महिनाभर बसूनही ती सापडली नसती.

मला वाटतं, सर वही वाचायचे त्याचं कारण हे होतं. बरोबर उत्तरावरून कळतं ते फक्त उत्तर. चूक कशी सापडली यावरून कळतं की माणसाला पोलाद कितपत कळलं आहे. त्या विद्यार्थिनीला मार्टेन्साइट पुस्तकात वाचून माहीत होतं. ८९, ८१, ८९ हा आलेख पाहिल्यावर ते तिला समजलं. मीही ते त्याच दिवशी नव्यानं समजलो.

आपल्याकडं अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, जिथं पात्याखालच्या मातीची जाण असलेली माणसं आहेत. दोन्ही गावांच्या औद्योगिक वसाहतींत भट्ट्या पेटलेल्या आहेत. या तिघांमधलं अंतर काही तासांचं आहे, पण जाणं-येणं फार कमी आहे. वर्कशॉपमधलं फुटलेलं पातं भंगारात जातं, आणि महाविद्यालयातला विद्यार्थी दूरदेशीच्या एखाद्या पोलादाचे आकडे घेऊन प्रकल्प करतो. खारपाणपट्ट्याच्या पाण्याचा निवण्याचा आलेख कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. तो आपणच मोजायचा आहे.

म्हणून माझ्या आज तीन मागण्या आहेत. वर्कशॉपच्या मालकांनो, फुटलेलं पातं भंगारात टाकू नका. ते, त्याची तारीख आणि त्या दिवशीचं हौदातलं पाणी जवळच्या महाविद्यालयात पोचवा. प्राध्यापक मित्रांनो, प्रकल्पाला गुण देताना सुंदर चित्रांआधी चुकांची वही मागा. आणि विद्यार्थ्यांनो, गणित बंद पडलं तर वाईट वाटून घेऊ नका, आणि ते सुरळीत चाललं तर लगेच विश्वास ठेवू नका. पुढच्या वर्षी याच दिवशी आपण परत इथं जमू. तेव्हा प्रत्येकानं आपल्या वहीचं एक पान सोबत आणावं, डावी आणि उजवी, दोन्ही बाजू भरलेलं. सरांच्या स्मृतीला तेच अभिवादन होईल.